पिवळा ब्लॉक

जुनं रंगीत छापील चित्र दिसलं की मी आधी चित्र बघत नाही, भिंग शोधतो. खोडच आहे ती. परवा दुपारी एका जीर्ण मासिकातली बाई हाती लागली. तिच्या ओठांचा लाल रंग ओठ सोडून जरा गालाकडे सरकलेला. लाल ब्लॉक, म्हणजे लाल शाईचा धातूचा ठसा, छापताना केसभर हलला असणार. लहानपणी मला वाटायचं, या बायका आरशाशिवाय, घाईघाईत नटतात.

भिंगाखाली बाई नाहीशी होते आणि उरतात नुसते ठिपके, पिवळे, लाल, निळे. प्रत्येक रंगाच्या रांगा वेगळ्या कोनात तिरक्या. नाहीतर रांगा एकमेकींत अडकून चेहऱ्यावर भलतीच जाळी उमटते.

ठिपक्यांच्या आधीही जस्ताचे ब्लॉक होतेच. पॅरिसच्या फिर्मँ झिलोने १८५० साली त्याचं पेटंट घेतलं. रेषेवर शाई ठेवायची, बाकीचं जस्त तेजाबाला खाऊ द्यायचं. पण तेजाब खाली खाता खाता बाजूनेही पोखरतं. म्हणून थोडं खाऊ द्यायचं, पत्रा धुवायचा, तापवायचा, शाई रेषेच्या कडांवरून ओघळू द्यायची, वर राळ भुरभुरायची आणि पुन्हा बुडवायचा. रेष पुरेशी उठेपर्यंत हेच. पुढे त्याचा मुलगा शार्ल याने ही युक्ती रंगांत नेली. त्या काळातल्या ‘पारी इल्युस्त्रे’च्या मे १८८६च्या जपान अंकाच्या मुखपृष्ठावरची बाई व्हॅन गॉगने गिरवून घेतली आणि रंगवली. मासिकात ती मूळ जपानी चित्राच्या उलट्या दिशेला तोंड करून छापली गेली होती; त्याच्याकडेही ती उलटीच राहिली. असो.

मला खरं अप्रूप आहे ते तिरंगी छपाईतल्या पिवळ्या ब्लॉकवाल्याचं. कॅमेऱ्याने रंग वेगळे केले तरी छापायच्या शाया त्याबरहुकूम कधीच नसत. मग हाताने डागडुजी. जो भाग जसाच्या तसा राहायला हवा त्यावर ब्रशने व्हार्निश लावायचं, उरलेला पुन्हा तेजाबात. ठिपके बारीक होतात, रंग हलका पडतो. लाल-निळ्याच्या प्रूफवर, म्हणजे त्या एकाच रंगाच्या चाचणी छापावर, निदान चित्र तरी ओळखू येतं. पिवळ्याचं प्रूफ लांबून कोरा कागदच वाटतो. निळा अजून चढलेलाच नाही आणि पान किती हिरवं होणार, हे या माणसाने ठरवायचं! डोळ्यांनी नाहीच, अंदाजाने. आणि या सगळ्याला नाव काय, तर यांत्रिक छपाई.

चित्राच्या एका कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, दुसऱ्यात कधीकधी ब्लॉक करणाऱ्या कंपनीचं नाव. पिवळ्यावाला कुठेच नसतो.

नायट्रिक ॲसिड जस्तावर पडलं की तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेला तर लगेच फारसं काही होत नाही. थोडा खोकला येतो, जातो. माणूस काम आटोपून घरी जातो, जेवतो, झोपतो. फुप्फुसांत पाणी भरतं ते नंतर, काही तासांनी.