दोन डस्टर आणि कुंझुमची वाट

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून हिमाचलमधल्या स्पितीला जाऊन आलो. माझी डस्टर गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी, मेहुण्याची फक्त पुढच्या चाकांवर चालणारी. इंजिन दोन्हींत तेच, 1.5 लिटर डिझेल. त्यामुळे फरक शेजारी शेजारी ठेवून पाहता आला.

मनालीपर्यंतचे सुमारे 2,000 किमी ओढ दोन चाकांना द्यायची की चार ते ठरवणारा नॉब टू-व्हीलवरच होता. तरी मागच्या शाफ्टचं आणि डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणाऱ्या गिअरपेटीचं) वजन वाहावंच लागतं. दर टाकीला मला डिझेल थोडं जास्त लागलं.

मनालीत टाकी फुल्ल करा, या वाटेवर पुढचा पंप थेट काझाला. 9.02 किमीचा अटल बोगदा, कोकसर, ग्रांफू, आणि मग खरी परीक्षा: छत्रू ते बातल. बर्फ वितळून येणारे नाले सकाळी घोटाभर असतात, दुपारी गुडघ्याच्या वर जातात. आम्ही छत्रूला रेंगाळलो आणि मोठ्या नाल्यावर दीड वाजता पोचलो. मेहुण्याने गाडी आधी पाण्यात घातली. मधोमध गोल गोट्यांवर त्याचं पुढचं एक चाक हलकं झालं आणि जागीच फिरू लागलं. साध्या डिफरन्शियलचं असंच असतं, पकड नसलेलं चाक गरगरतं आणि पकड असलेलं गप्प बसतं. मागची दोन्ही चाकं घट्ट बसलेली, पण त्यांना ओढच नाही. मी नॉब लॉकवर नेला, म्हणजे मागच्या चाकांची ओढही कायम जोडली, पहिला गिअर टाकला आणि त्याच्या वरच्या अंगाने न थांबता पार झालो. मग दोर लावून त्याला ओढलं. त्या पाच मिनिटांत गाडीचे जास्तीचे सगळे पैसे वसूल झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंझुम खिंड (सुमारे 4,550 मीटर) चढलो. पलीकडे लोसर गावाच्या उतारावर सावलीतल्या वळणावर पाणी गोठलेलं होतं. ब्रेक दाबला आणि गाडी सरळच घसरली. डोंगराच्या बाजूच्या मातीच्या ढिगात जाऊन थांबली. मेहुणा तिथून सावकाश उतरला. चढताना त्याची चाकं दोनदा फिरली होती, रस्ता निसरडा आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं. माझी गाडी मुकाट चढली, म्हणून मला कळलंच नाही. ब्रेक चारही चाकांना असतात, दोन्ही गाड्यांत सारखेच. ऑल-व्हील पुढे ढकलते, थांबवत नाही. उतारावर तुमचा आधार फक्त टायर आणि वेग.

लोसरजवळ धारदार दगडाने एक टायर कापला. झिजलेल्या तिघांत एक नवा टाकला, तर चाकांचा घेर जुळत नाही आणि मागची ओढ जोडणारा कपलिंग सतत घासून तापतो. म्हणून पुण्यात चारही बदलले. मेहुण्याचं दोनांत भागलं असतं.

फक्त स्पितीसाठी ऑल-व्हील घेऊ नका. चांगले टायर घाला, दोन गाड्या मिळून जा, नाले नऊच्या आत ओलांडा. आणि टो-हुक (ओढायचा दोर अडकवायची कडी) घरीच एकदा बसवून पाहा. आमचा सामानाखालून शोधून बसवेपर्यंत वीस मिनिटं गेली, तेवढ्यात पाणी चार बोटं चढलं होतं.