यात नळी कुठाय?

"झालाय झकास. पण यात नळी कुठाय?"

मी केलेला व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून येणारं काहीच नसलेला, मटणाच्या धर्तीचा रस्सा भाऊ बोटांनी चाचपत होता. चेष्टाच होती, पण मला लागली.

कारण चवीचं गणित जमलं होतं. सुके शिताके मशरूम भिजवून त्यांचं पाणी रश्श्यात घातलं होतं, टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतला होता, कांदा पार करपायच्या बेतात आणला होता. मांसाची म्हणून जी चव आपण ओळखतो, त्यातलं बरंचसं काम ग्लुटामेट (उमामी चव देणारा घटक) आणि खरपूस भाजणं करतं. ते ग्लुटामेट जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली वेगळं केलं तेही समुद्री शेवाळातून! मशरूम तर फारच गुणी. पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो, त्यामुळे कितीही शिजवा, गाळ होत नाही.

अडतं ते ओठांना येणाऱ्या चिकटपणाशी. मटण शिजताना त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचं चिकट जिलेटिन होतं, त्याची ती करामत. काजूच्या वाटणाने रस्सा दाट होतो, पण ते नाही. (आणि फणस सुचवणाऱ्यांनो, रेषा मिळतात, प्रथिनं फारशी नाहीत. सोयाबीन वडी त्यापेक्षा बरी.)

पण भावाला जिलेटिन थोडंच हवं होतं? त्याला नळी हवी होती. ती कुणाच्या ताटात पडली यावरून होणारी भांडणं, ताटावर ठोकून मगज काढणं, आईचं ओरडणं. यातलं काहीच मी शिजवलं नव्हतं.

तुमच्या व्हीगन स्वयंपाकात असं काही आहे का, ज्यासाठी ताटावर भांडणं होतात?