‘त्यांचा विषय घेऊ नकोस’

दुसऱ्या वर्षाला सेल बायोलॉजी घेतेय म्हटल्यावर तो शिकवणाऱ्या मॅडमबद्दल सिनियर्सनी जे जे ऐकवलं, ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. गंमत म्हणून. एक जण म्हणाला, “पेपरात पुस्तकातलं एक वाक्य येत नाही.” दुसरी म्हणाली, “शिकवतात भारी, पण मार्कांचं नाव काढू नकोस.” तिसऱ्याने एका शब्दात आटोपलं: “खडूस.” आणि एक ताई होती, जिचा हा विषय दोनदा राहिला होता. ती म्हणाली, “मला भेटलेल्या शिक्षकांत सगळ्यात चांगल्या त्याच.” तिचं वाक्य लिहून मी पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

आमच्याच विभागात एक सर होते, त्यांच्याही विषयात दरवर्षी बरीच मुलं गळायची. त्यांना सगळे ‘कडक’ म्हणत, तेही कौतुकाने. खडूस फक्त मॅडम. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

पहिल्या तासाला मॅडम आल्या, फळ्यावर एक आलेख काढला, अक्षांना नावं दिली नाहीत आणि विचारलं, “हा कशाचा असेल?” मग गप्प. कुणीतरी बोलेपर्यंत त्या खरंच गप्प राहायच्या. दीड-दोन मिनिटांची ती शांतता सहन न होऊन कुणी काहीतरी बोललं, की लगेच पुढचा प्रश्न यायचा, “कशावरून?” महिनाभर माझ्या वहीत टिपणं म्हणावीत अशी चार पानंही झाली नव्हती. वर्गाबाहेर आमचं एकच पालुपद, “शिकवतच नाहीत यार, सगळं आपल्यालाच विचारतात.”

पहिल्या चाचणीत डीएनएच्या प्रतिकृतीवर, म्हणजे पेशी डीएनएची प्रत कशी काढते यावर, प्रश्न होता. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८चा प्रयोग मला तोंडपाठ होता. ई. कोलाय जिवाणू आधी जड नायट्रोजनवर, म्हणजे एन-१५ वर वाढवायचे, मग साध्या एन-१४ वर हलवायचे, पिढ्यापिढ्यांचं डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवायचं आणि नळीत डीएनएचा पट्टा कुठे येतो ते बघायचं: जड खाली, हलकं वर. मी तीन पानं लिहिली. शास्त्रज्ञांची नावं अधोरेखित केली, साल चौकटीत टाकलं, निष्कर्ष ठळक अक्षरात: प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना, एक नवा. पेपर हाती आला तेव्हा २० पैकी ४ होते. कडेला लाल शाईत एवढंच लिहिलेलं: “हे मी विचारलं होतं का?”

विचारलं नव्हतंच. प्रश्न असा होता: जुना रेणू जसाच्या तसा राहून त्याच्या शेजारी अख्खा नवा रेणू तयार होत असता, तर एका पिढीनंतर नळीत काय दिसलं असतं? आणि जुने-नवे तुकडे सगळ्या धाग्यांत मिसळले जात असते, तर? दोन्ही नळ्या काढा. मी प्रश्नातला ‘डीएनए’ हा शब्द वाचला आणि पाठ केलेलं ओतलं होतं.

मार्क वाढवून मागायला मी त्यांच्या खोलीत गेले. बोलायचं काय ते जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. त्यांनी पेपर बाजूला सरकवला आणि कोरा कागद पुढे केला.

“काढ आता.”

पहिली नळी जमली: जुना रेणू जड, नवा हलका, म्हणजे एक पट्टा खाली आणि एक वर. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र मधोमध एकच पट्टा आला होता, म्हणून ती कल्पना पहिल्याच पिढीत बाद झाली. हे काढताना माझं मलाच कळलं, लिहिताना कळलं नव्हतं. दुसऱ्या नळीशी अडले. तुकडे मिसळले तरी पहिल्या पिढीला पट्टा मधोमध एकच येणार.

“मग खऱ्या निकालापेक्षा वेगळं काय?” मी विचारलं.

“तू सांग.”

“काहीच नाही.”

“मग त्यांनी काय केलं असेल?”

“अजून एक पिढी थांबले असतील.”

“काढ.”

दुसऱ्या पिढीला खऱ्या प्रयोगात दोन पट्टे आले, अर्धं डीएनए मधल्या जागी आणि अर्धं हलकं. तुकड्यांची मिसळ असती तर एकच पट्टा राहिला असता, थोडा वर सरकलेला. हे मी अकरावीपासून तीनदा वाचलं होतं आणि दोन पिढ्या का मोजल्या हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मार्क ४ ते ४च राहिले. उठताना त्या म्हणाल्या, “पुस्तक बंद केल्यावर जे उरतं तेवढंच तुझं.” मला राग आला होता. मैत्रिणीला सांगताना मी हे वाक्य त्यांची नक्कल करून सांगितलं आणि आम्ही भरपूर हसलो.

पण नंतर मी तेच करून बघितलं, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. प्रकरण एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते काढायचं. पहिले काही दिवस भयंकर गेले. रंगीत पेनाने अधोरेखित करून तीनदा वाचलं की कसं सगळं आल्यासारखं वाटतं, आणि इथे कागदावर चार चौकोन, त्यांतले दोन चुकीचे. पुढे कधीतरी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगाबद्दल वाचलं. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना एकदा वाचून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे परीक्षेच्या दारात उभं राहून वाचणाऱ्यांचंही अगदीच चुकत नव्हतं म्हणायचं.

मग मी आणि माझी मैत्रीण एकमेकींसाठी प्रश्न काढायला लागलो. नियम एकच: उत्तर पुस्तकात सापडलं तर प्रश्न बाद. हे फार अवघड असतं. एका संध्याकाळी दोघींनी मिळून तीन प्रश्न काढले, त्यातले दोन मूर्खपणाचे होते.

प्रॅक्टिकलची फजिती वेगळीच. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड: टोक कापायचं, आम्लात मऊ करायचं, रंगवायचं, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबायचं आणि पेशीविभाजनाच्या अवस्था शोधायच्या. माझ्या स्लाइडवर नुसता पेशींचा चिखल होता. दोन-चार पेशींत गुणसूत्रांचे गुंते दिसले, तेही अर्धवट. मी एका सिनियरच्या जर्नलमधून सगळ्या अवस्था सुबक उतरवल्या, शेडिंगसकट. मॅडमनी जर्नल उघडलं, आकृतीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ॲनाफेज छान आलीय. दाखव.” ॲनाफेज म्हणजे गुणसूत्रं वेगळी होऊन पेशीच्या दोन टोकांकडे सरकतात ती अवस्था. मी डोळा लावून स्लाइड इकडून तिकडे सरकवत राहिले. मागे रांग लागली. ॲनाफेज असती तर सापडली असती. ती अवस्था मुळात थोडा वेळच टिकते, बहुतेक पेशी विभाजनात नसतातच, त्यामुळे एका दाबलेल्या टोकात ती न दिसणं यात काही नवल नव्हतं. त्यांनी पानावर आडवी रेघ मारली. “दिसली नाही असं लिहिलं असतंस तर पूर्ण मार्क होते.”

त्याच दिवशी त्यांनी गुणसूत्रांची गोष्ट सांगितली. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं तीसेक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. १९५६ मध्ये तिओ आणि लेवान या शास्त्रज्ञांनी पेशी नीट फुगवून, पसरवून मोजली तेव्हा ४६ भरली. आधीच्या लोकांनीही सूक्ष्मदर्शकातूनच मोजली होती. “४८ येईपर्यंत मोजत असतील,” मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे मुळीच बघितलं नाही. न बघणं जास्त लागलं.

दुसऱ्या चाचणीत कुणाचंही नाव न देता एक प्रयोग मांडला होता. हरितलवकांमधल्या थायलकॉइड पटलांना अंधारात सामू (पीएच) ४ असलेल्या, म्हणजे आम्लधर्मी द्रावात मुरवलं, मग एकदम सामू ८ असलेल्या द्रावात टाकलं, सोबत एडीपी आणि फॉस्फेट, म्हणजे एटीपीचा कच्चा माल. उजेड नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनेल का? मी असं काही वाचलेलं नव्हतं. पहिली पाच मिनिटं आत्मविश्वासाने ‘नाही’ लिहिणार होते, कारण प्रकाशसंश्लेषण म्हटलं की प्रकाश हवा. मग कडेला थायलकॉइडची एक पिशवी काढली. आत प्रोटॉन (आम्लात भरपूर असणारे हायड्रोजनचे धनभारित कण) खच्चून, बाहेर कमी. ते बाहेर पडायला बघणार, वाट एटीपी सिंथेजमधून, म्हणजे एटीपी बनवणाऱ्या विकरातून. उजेडाचं काम प्रोटॉन आत कोंबायचं, आणि इथे ते काम आम्लाने आधीच करून ठेवलंय. म्हणजे बनेल, थोडा वेळ. पुढचा उपप्रश्न होता, पटलातून प्रोटॉन आरपार नेणारा पदार्थ घातला तर? पिशवीला भोक पडेल, बनणार नाही. २० पैकी १३ मिळाले. तो यागेनडॉर्फ यांचा १९६६चा प्रयोग होता, हे पेपर परत मिळताना कळलं. प्रोटॉनच्या अशा ओढीवरच एटीपी बनतं, या पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या कल्पनेला त्याने मोठा आधार दिला आणि १९७८ मध्ये मिचेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या १३ मार्कांचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा आधीच्या कुठल्याही १८चा झाला नव्हता.

इथवर वाचून मी मॅडमची भक्त झाले असं वाटेल. तसं नाही. दोन गोष्टी मला आजही पटत नाहीत. एक, पेपर तपासून द्यायला त्या पाच-पाच आठवडे लावायच्या. चुकलं कुठे हे पुढची चाचणी तोंडावर आल्यावर कळून काय उपयोग? दुसरी जास्त गंभीर. एका मुलाने भर वर्गात चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “तू हा विषय नक्की कशासाठी घेतलास?” वर्ग हसला. मीही. तो पुढच्या आठवड्यापासून यायचा बंद झाला आणि शेवटी त्याने विषयच बदलला. “त्यांची पद्धतच आहे ती,” असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं. अवघड प्रश्न विचारणं ही पद्धत झाली. तो हशा पद्धतीत बसत नाही. ‘खडूस’ म्हणणारे आणि ‘सगळ्यात चांगल्या’ म्हणणारे, दोघेही या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरत होते.

सत्र संपताना अभिप्रायाचा फॉर्म आला, अंतिम परीक्षेच्या आधी. १ ते ५ पैकी आकडा निवडायचा. ‘या विषयात तुम्ही किती शिकलात?’ या रकान्याशी मी बराच वेळ थांबले. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः गणितं सोडवत शिकलेल्या मुलांना वाटलं की आपण कमी शिकलो, आणि छान व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं की जास्त. चाचणीत निघालं उलटं. हे मला फॉर्म भरताना ठाऊक नव्हतं. तेव्हा एवढंच जाणवत होतं की इतर विषयांत किती येतं ते माहीत आहे आणि या विषयात किती येत नाही ते माहीत आहे, आणि याला आकडा कसा देणार? ३ दिला. ‘पेपर वेळेवर परत मिळतात’ समोर १. ‘विद्यार्थ्यांशी वागणूक’ समोर २, आणि खाली त्या मुलाबद्दल चार ओळी लिहिल्या. नाव घातलं नाही.

अंतिम परीक्षेत १०० पैकी ६१ पडले. आमच्या वर्गात ते बऱ्यापैकी समजले गेले.

असंही वाचलंय की अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतल्या एका अभ्यासात, २०१० साली, ज्या प्राध्यापकांना मुलांनी अभिप्रायात कमी गुण दिले त्यांची मुलं पुढच्या विषयांत सरस ठरलेली दिसली. माझं मात्र पुढच्याच सत्रात आपटलं. त्या सत्रातल्या विषयाच्या सरांचा पेपर सरळ होता: व्याख्या लिहा, फरक सांगा, टीपा द्या. ‘ऑपेरॉन’ची, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाची, व्याख्या दोन ओळींत हवी होती. मी लॅक्टोज असताना आणि नसताना, ग्लुकोज असताना आणि नसताना काय होईल अशा चार आकृत्या काढत बसले, आणि शेवटचे दोन प्रश्न तसेच राहिले. सरांनी त्या चार आकृत्यांवर तिरपी रेघ मारून कडेला लिहिलं होतं, “विचारलं तेवढंच लिहा.”