तीस यार्डांवर रोखलेली नजर

बंदुकीच्या हंगामात शिकारी दोनतीनशे यार्डांवरून नेम धरतो आणि तिथे कोणी माणूस आहे याची एल्कला बहुतेक वेळा कल्पनाही नसते. धनुष्यबाणाच्या हंगामात तसे घडत नाही. जबाबदारीने बाण सोडायचा तर मला तीस-पस्तीस यार्डांहून जास्त अंतर चालत नाही, आणि इतक्या जवळ आलेले जनावर कधी ना कधी मान उचलून थेट माझ्या दिशेने बघतेच. त्यानंतर ते हलत नाही आणि मलाही हलता येत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या डोंगरांत अनेक सप्टेंबर महिने घालवताना या नजरानजरीविषयी जे समजत गेले ते आज सविस्तर लिहावेसे वाटले. एल्कच्या शिकारीविषयी लिहिणारे आरोळ्या, शिंगे आणि धनुष्ये यांविषयी भरभरून लिहितात. पण शिकारीचा निकाल ज्या एकदोन मिनिटांत लागतो, त्या मिनिटांत नेमके काय चाललेले असते याविषयी फारच कमी लिहिले जाते.

ज्यांनी हे जनावर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एल्क हा हरणांच्या कुळातला, आपल्या सांबराचा नातलग. पूर्ण वाढ झालेला नर सुमारे 700 पौंड वजनाचा, म्हणजे तीनशे किलोंच्या पुढचा असतो, खांद्यापाशी पाच फूट उंच भरतो आणि त्यावर शिंगांचा पसारा असतो. सप्टेंबरच्या मध्यावर हे नर माजावर येतात आणि दऱ्या त्यांच्या लांबलचक, वर चढत जाणाऱ्या आरोळ्यांनी भरून जातात. या दिवसांत शिकारी टाळूला चिकटणाऱ्या पातळ पडद्याच्या शिट्टीने मादीचा आवाज काढतो आणि तो ऐकून नर मादीच्या शोधात येतो.

नजरानजरीचे मूळ इथेच आहे. एल्कचे कान स्वतंत्रपणे फिरतात आणि आवाज कोणत्या झाडामागून आला हे तो फार अचूक ओळखतो. त्यामुळे तो येतो तो त्या जागेच्या दिशेनेच, आणि जिथून मादी दिसायलाच हवी अशा एखाद्या उंचवट्यावर किंवा मोकळ्या जागेच्या कडेला पोहोचला की थांबतो. मादी दिसत नाही. आवाज तर इथूनच आला होता. अशा वेळी नर जी नजर रोखतो तिच्यात भीती नसते. ऐकलेले आणि दिसणारे यांचा मेळ बसत नाही म्हणून तो उभा असतो. हे लक्षात घेऊनच अनुभवी शिकारी जोडीने जातात: आवाज काढणारा मागे पन्नास-साठ यार्डांवर बसतो आणि धनुष्य घेतलेला पुढे, म्हणजे नराची नजर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागे जाते. एकट्याने शिकार करणाऱ्याला ही सोय नसते. ज्या जागेचा नराला संशय आला आहे, नेमक्या त्याच जागी तो बसलेला असतो.

समोर उभ्या असलेल्या नराला काय दिसते, हे समजून घेतल्याशिवाय आपण काय करायचे ते ठरत नाही. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात, माणसाच्या डोळ्यांत तीन असतात. म्हणून नारिंगी आणि लाल यांतला भडकपणा त्यांना जाणवत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. बंदुकीच्या हंगामात कोलोरॅडोचा कायदा शिकाऱ्याला किमान 500 चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर घालायला लावतो आणि तरीही शिकार होते, त्यामागे हेच कारण आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना आणि बाहुल्या आडव्या असल्यामुळे जवळजवळ मागेपर्यंतचा परिसर त्यांच्या नजरेत असतो आणि त्यातली बारीकशी हालचालही ते टिपतात. परंतु दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा पट्टा अरुंद असतो, आणि स्थिर वस्तूचे अंतर व आकार ठरवायला त्यांना कष्ट पडतात. म्हणूनच तो मान किंचित डावीकडे नेतो, मग उजवीकडे, खाली घेतो आणि पुन्हा उचलतो. दोन वेगवेगळ्या कोनांतून बघून, हा झाडाचा बुंधा आहे की आणखी काही, याचा तो अंदाज घेत असतो. मी स्थिर असेन, पाठीशी एखादे स्प्रूसचे झाड असेल आणि चेहरा व हात झाकलेले असतील, तर या अंदाजाला बराच वेळ लागतो. मी अशा वेळी त्याच्या डोळ्यांत बघणे टाळतो आणि नजर त्याच्या खांद्यामागे ठेवतो. एक तर त्यामुळे माझ्या पापण्यांची हालचाल कमी राहते, आणि दुसरे म्हणजे जिथे बघायला हवे तिथेच मी बघत असतो.

तरीही डोळ्यांमुळे आलेल्या शंकेवर एल्क सहसा अंतिम निर्णय घेत नाही, आणि मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. डोळे आणि कान त्याच्या मनात प्रश्न निर्माण करतात. उत्तर तो नाकाकडे मागतो. नजर रोखून उभा असलेला नर खरे तर वाऱ्याची वाट बघत असतो, आणि वारा आला नाही तर तो स्वतःच वळसा घेऊन वारा मिळेल अशा बाजूला जायला निघतो. माणसाचा वास एकदा पोहोचला की सगळे संपते. तिथे फसवण्यासारखे काही उरत नाही, मग अंगावरचे कपडे कितीही महागडे असोत. डोंगरातली हवा तर दिवसभर दिशा बदलत असते. पहाटे थंड, जड हवा उताराने खाली वाहते. ऊन उतारावर पडून जमीन तापू लागली की ती वर चढू लागते. आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात ती काही काळ कुठेच धड वाहत नाही, नुसती घोटाळत राहते. म्हणून मी खिशात बारीक पावडरची लहान बाटली ठेवतो आणि आवाज काढण्यापूर्वी, काढताना आणि नंतरही ती दाबून पावडर कुठल्या दिशेला उडते ते बघतो. एकाच जागेवरून पहाटे शिकार साधते आणि ऊन वर आल्यावर त्याच जागेवरून दरीतला सगळा कळप पळून जातो. पुष्कळ जण नजरानजरीत हरल्याचा दोष आपल्या हालचालीला देतात, माझ्या मते त्यातले बरेच जण वाऱ्याने हरलेले असतात.

आता धनुष्याविषयी. कोलोरॅडोत एल्कसाठी धनुष्याचा ताण किमान 35 पौंड असावा लागतो, पण बहुतेक जण 60 ते 70 पौंडांचे कंपाउंड धनुष्य वापरतात. त्याच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे सत्तर पौंडांचे धनुष्य चौदा पौंडांच्या आसपास धरून ठेवावे लागते. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु रिकाम्या मैदानावर चौदा पौंड धरणे आणि छाती धडधडत असताना, तीनशे किलोंचे जनावर आपल्याकडे रोखून बघत असताना ते धरणे यांत फार फरक आहे. दंड थरथरू लागतात, दोरी पुढे सरकू पाहते आणि बाण पुन्हा खाली आणण्याची हालचाल तर सगळ्यांत मोठी असते. म्हणून नराचे डोके एखाद्या जाड बुंध्यामागे गेले की त्याच क्षणी दोरी ओढून घ्यावी लागते. त्याने नजर रोखल्यानंतर ओढायला गेले की तो निसटलाच म्हणून समजावे. साधे पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्यांना तर ताणून थांबण्याची मुभाच नसते, आणि त्यांच्या संयमाविषयी मला मनापासून आदर आहे.

आणि समजा धनुष्य ताणलेले आहे, नर वीस यार्डांवर समोरासमोर उभा आहे. तरीही मी बाण सोडत नाही. समोरून त्याच्या छातीत शिरायला जी जागा मिळते ती अरुंद असते, दोन्ही बाजूंना खांद्यांची हाडे असतात, आणि तो त्याच क्षणी हलला तर जखमी जनावर डोंगरभर फिरत राहण्याची शक्यता असते. काही कसबी शिकारी हा बाण योग्य मानतात आणि त्यांची मांडणी मी वाचलेली आहे; मला ती पटलेली नाही. जनावर आडवे किंवा किंचित पलीकडे वळलेले असले पाहिजे, एवढाच नियम मी पाळतो. नजर रोखणारा नर जवळजवळ नेहमी समोरच तोंड करून असतो, त्यामुळे या प्रसंगांपैकी बहुतेक बाणाविना संपतात, आणि ते तसेच संपायला हवेत असे मला वाटते. तोवर करण्यासारखे एक काम मात्र असते. कोलोरॅडोच्या बहुतेक विभागांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोके असणे, किंवा कपाळाजवळचा फाटा किमान पाच इंच लांब असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि ती टोके शांतपणे मोजायला याहून चांगली वेळ मिळत नाही. मोजता मोजता श्वासही जागेवर येतो.

नरापेक्षा अनुभवी मादीची नजर अधिक कठीण असते. माजात असलेल्या नराचे लक्ष विभागलेले असते. वासराला घेऊन चालणाऱ्या, कळपाला पुढे नेणाऱ्या मादीचे नसते. ती थांबली की मागचे सगळे थांबतात आणि एका डोळ्यांच्या जोडीच्या जागी दहा जोड्या आपल्यावर रोखल्या जातात. खात्री पटली नाही तर ती एक तुटक, कर्कश भुंकल्यासारखा आवाज काढते. हा आवाज प्रथम ऐकणाऱ्याला तो एल्कचा आहे यावर विश्वास बसत नाही. भुंकल्यानंतर ती लगेच पळतेच असे नाही, कधी कधी उभी राहून पुन्हा पुन्हा भुंकते, जणू समोरच्याने स्वतःला उघड करावे अशी तिची मागणी असते. पण त्या दरीतली बाकीची जनावरे तेवढ्यात सावध झालेली असतात.

हीच जनावरे रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये, जिथे शिकारीला बंदी आहे, एस्टेस पार्क गावाजवळच्या कुरणांत पर्यटकांच्या गाड्यांशेजारी निवांत चरत असतात. तिथे माजावरच्या नराने माणसाकडे रोखून पाहिले तर त्याचा अर्थ वेगळा असतो: कान मागे पडलेले, ओठ वर खेचलेला, शिंगे झुकवलेली असतील तर तो धमकी देत आहे, आणि तिथून ताबडतोब दूर व्हावे. शिकारीच्या जंगलात मला असे तोंड क्वचितच दिसले आहे. तिथला नर माणसाला ओळखतो आणि टाळतो, आणि ही सावधगिरी त्याने कशातून मिळवली असेल हे इतिहास बघितला की कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे कोलोरॅडोतले एल्क जवळजवळ संपले होते आणि वायोमिंगमधून जनावरे आणून सोडावी लागली. आज कोणत्याही अमेरिकी राज्यापेक्षा अधिक, अडीच लाखांहून जास्त एल्क इथे आहेत. त्यामागे शिकारीचे परवाने, ठरावीक हंगाम आणि शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरचा, 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवलेला कर आहे, ज्यात पुढे धनुष्यबाणांचीही भर पडली. ज्या नरासमोर मी श्वास रोखून बसतो तो तिथे उभा आहे, यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे, आणि त्याची जाणीव मी बाळगतो.

नजरानजर संपल्यावर काय करायचे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नर वळून चालत निघाला, पण पळाला नाही, तर मादीचा एक हलका आवाज त्याला पुष्कळदा थांबवतो आणि कधी कधी तो नेमका आडवा थांबतो. थांबला नाही तर मी उठत नाही. त्याने काहीतरी विचित्र पाहिले आहे, माणूस पाहिलेला नाही, आणि अर्ध्या तासात तो त्याच दरीत पुन्हा आरोळी देण्याचा संभव असतो. उभे राहून त्याच्या मागे जाणारा शिकारी त्याच्या शंकेचे खात्रीत रूपांतर करतो. वास लागून तो धडधडत खाली गेला असेल तर मात्र तिथे थांबण्यात अर्थ नसतो. मग मी धार ओलांडून पलीकडच्या दरीत जातो आणि पुन्हा वारा बघण्यापासून सुरुवात करतो.