टायफॉईड परत कसा होईल?

दंडाला पट्टा आवळला की लोकांना प्रश्न सुचतात. नेहमीचा हा: "ताई, मागच्या वर्षीच टायफॉईड होऊन गेला, परत कसा होईल?" पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते म्हणून मला विचारतात, डॉक्टरांपुढे बहुधा धीर होत नाही.

होतो. गोवरासारखं इथे एकदा झाला की सुटलो असं नसतं. टायफॉईडनंतर येणारी प्रतिकारशक्ती अर्धीमुर्धी असते. दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून जंतू पुन्हा पोटात गेले की पुन्हा आजारी पडू शकता. शिवाय पॅराटायफॉईड नावाचा भाऊबंद आहेच. लक्षणं जवळपास तीच, जंतू वेगळा.

ताप उलटणं हे निराळं. औषधानं बरं वाटलं, माणूस कामाला लागला आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा थंडीताप. हा पहिलाच टायफॉईड, दबून बसलेला. शंभरात पाच-दहा जणांना असं होतं, कधी पूर्ण कोर्स करूनही. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या बंद करणारे तर तो हातानं ओढवून घेतात.

पण "मला चारदा टायफॉईड झालाय" असं कोणी सांगितलं की मी आधी फाइल मागते. त्यात बहुतेक वेळा नुसते विडालचे, म्हणजे टायफॉईडसाठीच्या एका रक्ततपासणीचे, रिपोर्ट निघतात. ही टेस्ट १८९६ सालची. आमच्याकडे ती स्लाइडवर होते: सीरमचा (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पातळ भागाचा) थेंब, त्यात निळ्या किंवा लाल अँटिजेनचा (मेलेल्या टायफॉईड जंतूंच्या द्रावणाचा) थेंब, काडीनं कालवायचं, मिनिटभर स्लाइड डोलवायची. दाणे धरले की पॉझिटिव्ह. यात जंतू दिसत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी दिसतात. त्या जुन्या टायफॉईडनंतर महिनोन्‌महिने रक्तात राहतात, काहींच्या तर वर्षानुवर्षं. मग साध्या व्हायरल तापातही १:८०, १:१६० असा आकडा (सीरम तितके पट पातळ केलं तरी दाणे धरतात) येतो आणि गावाकडे फोन जातो, "परत टायफॉईड निघाला." मलेरिया असला तरी विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि तिथे ही चूक महागात पडते.

खरं विचाराल तर ब्लड कल्चर करा, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त, शक्यतो पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. रिपोर्टला काही दिवस लागतात, लोक तिथेच कंटाळतात. कल्चरमधूनही बरेच रुग्ण निसटतात, हे कबूल. पण जंतू उगवला तर कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. एकेकाळी सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता आपल्याकडे बहुतेकदा चालत नाही, म्हणून हे कळणं मोलाचं.

एकाच घरात टायफॉईड फिरत राहिला तर मात्र स्वयंपाक कोण करतं तेही बघायला हवं. बऱ्या झालेल्यांपैकी थोड्यांच्या पित्ताशयात जंतू ठाण मांडून बसतात; स्वतः ठणठणीत, पण त्यांच्या हातच्या खाण्यातून इतरांना टायफॉईड होतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच धडधाकट होती, तिचं उरलेलं आयुष्य बहुतांशी सक्तीच्या एकांतवासात गेलं.

आणि लस? नवी कॉन्ज्युगेट लस सहा महिन्यांच्या बाळापासून एका डोसात देतात. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं ती मुलांना मोहीम काढून दिली होती. टायफॉईड होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, केव्हा ते डॉक्टरांना विचारा. पॅराटायफॉईडवर तिचा भरवसा धरू नका, म्हणजे पाणी उकळणं काही सुटत नाही.