कमी बिंदूंची रेषा

गेले काही महिने मी रोज रात्री तासभर सिनफिग स्टुडिओ हे अॅनिमेशनचे मुक्त सॉफ्टवेअर शिकत आहे. कागदावर पेन्सिल चालवण्याचा सराव जुना असल्यामुळे व्हेक्टर रेखाटन, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे वक्र यांनी केलेले रेखाटन, आपल्याला फारसे जड जाणार नाही, असा माझा समज होता. तो पहिल्याच पानाने खोटा ठरवला. पान म्हणजे पुस्तकाचे नव्हे, झाडाचे.

वाऱ्यावर डुलणारे एक पान मला काढायचे होते. मुक्तहस्त रेखाटनाचे साधन घेऊन मी टॅब्लेटवर एका दमात कडा ओढली आणि ती अगदी कागदावर येते तशी सुरेख आली. सॉफ्टवेअरने त्या कडेवर ३७ बिंदू टाकले होते, याकडे मी लक्ष दिले नाही, कारण स्थिर चित्रात त्याने काहीच बिघडत नाही. पान झुकवायची वेळ आली तेव्हा मात्र नव्या की-फ्रेमवर (हालचालीतला जो टप्पा आपण स्वतः ठरवतो त्या फ्रेमवर) ते सगळे बिंदू एकेक करून सरकवावे लागले, आणि एवढे करून चालवून पाहिले तर पान डुलत नव्हते, त्याची कडा थंडी वाजल्यासारखी थरथरत होती. दोन की-फ्रेमच्या मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः भरते हे खरे. पण त्याला पान कळत नाही, फक्त बिंदू कळतात. प्रत्येक बिंदू आपापल्या नव्या जागेकडे निघतो आणि त्या जागा मी अंदाजाने ठरवलेल्या असल्यामुळे वाटेत शेजारच्या बिंदूंचा एकमेकांशी मेळ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी स्प्लाइनचे, म्हणजे एकेक बिंदू मांडून वक्र काढण्याचे, साधन घेऊन तेच पान चार बिंदूंत काढले: एक देठापाशी, एक टोकाला आणि दोन्ही बाजूंना जिथे पान सर्वांत रुंद असते तिथे एकेक. टोकाच्या बिंदूची दोन हँडले (वळणाची दिशा ठरवणारे दांडे) एकमेकांपासून सोडवली की अणकुचीदार कोपरा मिळतो. बाजूच्या बिंदूंची जोडलेलीच ठेवली की वळण अखंड राहते. चार बिंदू कमी वाटत असतील, तर इतके ध्यानात घ्यावे की पूर्ण वर्तुळदेखील चार बिंदूंच्या बेझिए वक्रांनी, म्हणजे अशाच बिंदू-हँडलांच्या वक्रांनी, असे काढता येते की खऱ्या वर्तुळापासूनची त्याची चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी भरते. हे वक्र मुळात मोटारींच्या बाह्यांगाचे आकार रेखण्यासाठी फ्रान्समधल्या रेनो आणि सित्रोएन या कंपन्यांत घडले, आणि मोजक्या बिंदूंनी मोठे वळण ताब्यात ठेवणे हाच त्यांचा उपयोग होता. मी मात्र त्यांच्याकडून पेन्सिलीचे काम करून घेत होतो.

पानानंतर हात. खाली लोंबणारा हात आडवा करायचा म्हणून मी मनगटाचे बिंदू उचलून थेट नव्या जागी नेऊन ठेवले. पहिली फ्रेम ठीक होती, शेवटचीही ठीक होती, पण मध्यावर हात चक्क आखूड झाला. कारण बिंदू सरळ रेषेत प्रवास करतो आणि हात मात्र खांद्याभोवती कंसात फिरायला हवा. ९० अंशांच्या फिरण्यात मध्यावर हाताची लांबी मूळच्या सुमारे ७१ टक्केच उरते, आणि १८० अंश फिरवला तर मनगट थेट खांद्यातून जाते. त्यामुळे फिरवण्याचे काम बिंदूंवर सोपवू नये. हाताचे लेयर (चित्राचे एकमेकांवर रचलेले थर) एका ग्रुपमध्ये घालून तो ग्रुप फिरवावा, किंवा २०१५ च्या १.० आवृत्तीपासून आलेला सांगाडा (आकार हाडांना जोडून फिरवण्याची सोय) वापरावा. बिंदू हलवायचे ते आकार बदलण्यासाठीच.

शिकण्याच्या साहित्याविषयी थोडे कडू लिहावे लागेल. सिनफिग २००५ साली मुक्त परवान्याखाली खुले झाले, आणि इतक्या वर्षांत त्यातली नावे बदलली. जुन्या पाठांमध्ये ‘बीलाइन’ भेटते, तिला आता स्प्लाइन म्हणतात, ‘डक’चे हँडल झाले आहे, ‘पेस्ट कॅनव्हास’ शोधत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि तो समोरच ग्रुप या नावाने बसलेला होता. व्हिडिओंमध्ये आणखी एक उणीव आहे: शिकवणाऱ्याने अॅनिमेट मोड (तो चालू असताना केलेला बदल हालचाल म्हणून नोंदला जातो) कधी चालू केला आणि कधी बंद केला, हे तो क्वचितच तोंडाने सांगतो, आणि नवशिक्याचे अर्धे घोटाळे नेमके तिथेच होतात. म्हणून मी अधिकृत माहितीपुस्तिका पहिल्या पाठापासून क्रमाने वाचू लागलो. ती रूक्ष आहे, पण क्रम सोडत नाही.

तिच्याहूनही उपयोगी ठरल्या त्या इतरांनी खुल्या ठेवलेल्या मूळ फाइली. अशी फाइल उघडावी, एकेक लेयर झाकून पाहावा, बिंदू मोजावेत, आणि एखादा वेपॉइंट (वेळेच्या पट्टीवर नोंदलेला बदल) काढून टाकल्यावर काय कोसळते ते पाहावे. एका चालणाऱ्या पात्राच्या पायात मला गुडघ्यापाशी दोनच बिंदू सापडले. तिथे मी खात्रीने आठ टाकले असते.

मध्यंतरी २०१६ मध्ये मुक्त झालेले ओपनटून्झ हे दुसरे अॅनिमेशन सॉफ्टवेअरही वापरून पाहिले. त्यात फ्रेमगणिक रेखाटन करण्याची सोय अधिक चांगली आहे आणि काढलेली रेषा मागाहून वाकवणे, जाड करणेही सोपे आहे. मात्र दोन रेषांच्या टोकांत बारीकशी फट राहिली तरी व्हेक्टर आकारात रंग भरत नाही, ती आधी टेप साधनाने जोडावी लागते. दोन चित्रांमधली चित्रे आपोआप करून घ्यायची असतील, तर दोन्हींत रेषांची संख्या आणि काढण्याचा क्रम सारखा असावा लागतो. मी भुवई कधी आधी, कधी नंतर काढत असल्यामुळे एकदा भुवई हळूहळू ओठाच्या जागी उतरली. ती फाइल मी करमणुकीसाठी जपून ठेवली आहे.

सध्या पापणीवर काम चालू आहे. वरच्या कडेला तीन बिंदू, खालच्या कडेला तीन. डोळा मिटताना मधला वरचा बिंदू खाली येतो, पण त्याचे हँडल उलट्या दिशेने वळवायचे राहिले की पापणीला कुबड येते. काल रात्री ते चौथ्या प्रयत्नात गेले.