कुठलं किलमोर?

"कुठलं किलमोर?" आजोबांनी उलट मलाच विचारलं.

आज आयर्लंडमध्ये गॉलवेजवळ चालताना नकाशातल्या त्या नावाचा अर्थ मी सहज विचारला होता. ते म्हणाले, "आयरिश भाषेत किल म्हणजे चर्च. पण काही ठिकाणी मूळ शब्द वेगळा, त्याचा अर्थ रान. इंग्रजीत दोन्ही किलच."

मग दोन्ही शब्द सावकाश म्हणून दाखवले. दुसऱ्यातला 'क' जड, घशाजवळून आलेला. मला तीनदा म्हणायला लावला, तेव्हा कुठे मान हलवली.

1830च्या दशकात आयर्लंडच्या नकाशा-सर्वेक्षणासाठी आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओ'डोनोव्हन असेच गावोगाव फिरले, जुन्या माणसांकडून उच्चार आणि अर्थ टिपत. नकाशावर छापलं गेलं ते इंग्रजी वळणाचं नाव. अख्खं रान पुसलं जातं हो अशानं!

तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ कुणाला विचारून ठेवलाय का?